‘सेल्फ’चा जनक : चार्ल्स केटरिंग

काही इंग्रजी शब्द आपण मराठी माणसांनी इतके आपलेसे केले आहेत, की ते मुळात परके आहेत याची आठवणही होत नाही. ‘सेल्फ’ हा त्यांतलाच एक. सेल्फ मारला, सेल्फ लागत नाही, सेल्फ गेला, ही भाषा सांगलीच्या ट्रॅक्टरवाल्याच्या तोंडी जशी आहे, तशीच मुंबईच्या टॅक्सीवाल्याच्याही. येथे आखातात सुटीच्या दिवशी फोर-व्हील गाडी घेऊन वाळूच्या टेकड्यांत शिरणारे आपले बांधवही तीच बोलतात. रस्ता संपून अर्धा तास झाल्यावर, दूरवर माणूस दिसत नसताना, किल्ली फिरवली आणि नुसताच ‘टक्’ असा आवाज आला, की मनाची काय अवस्था होते ते त्यांना विचारावे!

हा सेल्फ, त्याला जोर देणारी बॅटरी, बॅटरी भरणारे यंत्र आणि इंजिनात ठिणगी पाडणारी कॉइल-पॉइंटची जोडणी ही सारी एका कुटुंबासारखी गाडीत नांदू लागली, ती प्रामुख्याने एका माणसामुळे. त्यांचे नाव चार्ल्स फ्रँकलिन केटरिंग. अमेरिकेत त्यांच्या नावाचे शहर आहे, कर्करोगावरील एका जगप्रसिद्ध संस्थेच्या नावात त्यांचे नाव आहे. आपल्याकडे मात्र ते फारसे कानावर येत नाही. म्हणून आजच्या अंकात त्यांचे चरित्र थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजले आहे. ते केवळ एका यशस्वी संशोधकाचे चरित्र नाही. यंत्रातील दोष अचूक हुडकून काढणारा माणूस उपायाच्या बाबतीत केवढी मोठी चूक करू शकतो, हेही त्यात आहे.

शेतकऱ्याचा मुलगा, दुबळे डोळे

केटरिंग यांचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ रोजी ओहायो राज्यातील लाउडनव्हिल गावाजवळच्या एका शेतावर झाला. घरची स्थिती बेताची. शेतीवाडीची कामे करीत शिक्षण झाले. मुलगा हुशार होता. पण डोळे जन्माचे वैरी. थोडे वाचन झाले की डोके दुखू लागे. शालेय शिक्षण संपल्यावर त्यांनी खेड्यातील शाळांत शिक्षकाची नोकरी केली आणि साठवलेल्या पैशांवर पुढे कोलंबस येथील ओहायो स्टेट विद्यापीठात नाव घातले. तेथेही डोळ्यांनी दगा दिला. शिक्षण अर्धवट सोडून घरी परतावे लागले.

डोळ्यांना ताण नको, मोकळ्या हवेत काम हवे, म्हणून त्यांनी ॲशलंड गावच्या टेलिफोन कंपनीत नोकरी धरली. काम मजुराचे: खड्डे खणायचे, खांब उभे करायचे, तारा ओढायच्या. पण थोड्याच दिवसांत ते टोळीचे मुकादम झाले. ऑलिव्ह विल्यम्स या तरुणीशी त्यांची ओळख झाली ती याच गावी. १९०५ साली ती त्यांची पत्नी झाली.

या नोकरीने त्यांना दुसरीही एक गोष्ट दिली, असे आम्हांला वाटते. कित्येक मैल लांबीच्या तारेवर बोलणे बंद पडले, तर दोष कोठे आहे हे घरी बसून कळत नाही. तारेच्या कडेने चालत जावे लागते. येथपर्यंत प्रवाह येतो का, त्या खांबापर्यंत येतो का, हे तपासत तपासत ज्या दोन ठिकाणांच्या मध्ये तो हरवतो तेथे पोचावे लागते. विजेचा दोष शोधण्याची याहून चांगली शाळा नाही.

प्रकृती सुधारल्यावर ते पुन्हा विद्यापीठात गेले. सहाध्यायी धडे मोठ्याने वाचून दाखवीत आणि हे ऐकून लक्षात ठेवीत. १९०४ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, विद्युत अभियांत्रिकीची पदवी त्यांच्या हाती पडली.

दुकानातला गल्ला आणि मोटारीचे इंजिन

पदवी मिळताच डेटन शहरातील नॅशनल कॅश रजिस्टर या कंपनीत त्यांना नोकरी मिळाली. दुकानातील हिशेबाचे गल्ले बनवणारी ही मोठी कंपनी. त्या वेळी गल्ला उघडण्यासाठी बाजूचे हँडल जोराने फिरवावे लागे. दिवसभर तेच केल्याने विक्रेत्याचा हात भरून येई. हे काम विजेच्या मोटरीने करता येईल का, असा प्रश्न केटरिंग यांच्यापुढे ठेवण्यात आला.

अडचण अशी होती, की पंखा किंवा गिरणी चालवणारी मोटर दिवसभर फिरत राहते; म्हणून ती तापू नये एवढी मोठी करावी लागते. तेवढी मोटर गल्ल्यात मावणार कशी? केटरिंग यांनी पाहिले, की गल्ल्याला जोर लागतो तो क्षणभरच. मग मोटर स्वस्थ. क्षणभरासाठी लहान मोटरीवर तिच्या कुवतीबाहेरचा भार टाकला तरी ती जळत नाही, कारण तापायला तिला वेळच मिळत नाही. त्यांनी छोटी मोटर बसवून विजेचा गल्ला तयार केला आणि तो चालला. ही साधीशी वाटणारी गोष्ट पाच-सहा वर्षांनी मोटारगाडीचे भवितव्य बदलणार होती.

याच कंपनीत एडवर्ड डीड्स नावाचे वरिष्ठ अधिकारी होते. मोटारींसाठी काही नवे करावे, असे डीड्स यांच्या मनात होते. त्यांच्या घरामागे एक जुने कोठार होते. नोकरी सुटली की केटरिंग आणि कंपनीतीलच काही सहकारी त्या कोठारात जमत आणि रात्री उशिरापर्यंत काम करीत. ही मंडळी पुढे कोठारवाली टोळी म्हणून प्रसिद्ध झाली. १९०९ साली या उद्योगाला रीतसर कंपनीचे रूप आले. डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी या नावाच्या आद्याक्षरांवरून तिचे नाव पडले ‘डेल्को’. जुन्या गाड्यांच्या डिस्ट्रिब्यूटरवर आणि डायनामोवर हे नाव पुष्कळांनी वाचले असेल.

ठिणगीचे कोडे

पेट्रोल इंजिनात पेट्रोल आणि हवेचे मिश्रण दाबून नेमक्या क्षणी ठिणगी पाडावी लागते. त्या काळी यासाठी दोन मार्ग होते. एक मॅग्नेटोचा, तो इंजिन वेगात असताना उत्तम, पण हँडल मारताना इंजिन हळू फिरते तेव्हा त्याची ठिणगी क्षीण. दुसरा कोरड्या बॅटऱ्यांचा. त्यात थरथरणारी पट्टी एका ठिणगीऐवजी ठिणग्यांचा वर्षाव करी आणि बॅटऱ्या पाहता पाहता संपून जात.

केटरिंग यांनी गल्ल्याच्या कामात वापरलेल्या रिलेची युक्ती येथे आणली आणि दर वेळी एकच, पण जोरकस ठिणगी पडेल अशी रचना केली. बॅटरीचे आयुष्य वाढले. कॅडिलॅक मोटार कंपनीचे प्रमुख हेन्री लेलँड कारागिरीच्या बाबतीत अतिशय कडक होते. त्यांना ही रचना पसंत पडली आणि त्यांनी १९१० सालच्या गाड्यांसाठी ८,००० संचांची मागणी नोंदवली. कोठारातील मंडळींकडे तेव्हा कारखानाही नव्हता!

या रचनेत पुढे सुधारणा होत गेल्या आणि तिला आज आपण ओळखतो ते रूप आले. कॉइलमध्ये जाड तारेचे काहीशे वेढे आणि बारीक तारेचे हजारो वेढे असतात. बॅटरीचा प्रवाह जाड तारेतून जातो आणि चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो. डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट उघडले की प्रवाह तुटतो, ते क्षेत्र एकदम कोसळते, आणि बारीक तारेत दहा-वीस हजार व्होल्टचा दाब उत्पन्न होतो. रोटर तो दाब पाळीपाळीने एकेका प्लगकडे पोचवतो. पॉइंटच्या शेजारी बसवलेला कंडेन्सर पॉइंटवर उडणारी ठिणगी आवरतो आणि प्रवाह झटकन तुटायला मदत करतो. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन ठिणग्या लागतात. म्हणजे मिनिटाला २,००० फेरे होत असतील, तर मिनिटाला ४,००० वेळा हा सारा खेळ बिनचूक व्हावा लागतो.

आता हा खेळ गाडीच्या भोवऱ्यात आणि धक्क्यांत चालतो, हे लक्षात घ्या. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपमध्ये हीच रचना होती. बॅटरी सहा व्होल्टची, पॉइंटमधली फट एक इंचाचा पन्नासावा भाग, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर. स्वातंत्र्याच्या आगेमागे महिंद्र बंधूंनी मुंबईत माझगावला जोडायला घेतलेल्या जीपही याच घराण्यातील. तालुक्याच्या गावी कलेक्टरसाहेबांची जीप धुरळा उडवीत यायची, तिच्या बॉनेटखाली डेटनच्या कोठारातली ही कल्पनाच काम करीत होती.

हँडल गेले, सेल्फ आला

ठिणगीचे काम मार्गी लागले, पण गाडी चालू करायला हँडलच मारावे लागे. त्याला ताकद हवी आणि नशीबही हवे. इंजिनाने उलटा फटका दिला तर मनगट मोडे, जबडा फुटे. माणसे प्राणासही मुकत. लेलँड यांच्या परिचयातील एक मोटार-निर्माता असाच दगावला आणि त्यामुळे त्यांनी हँडल हद्दपार करण्याचा ध्यास घेतला, अशी कथा सांगितली जाते.

दाबलेली हवा, स्प्रिंगा, ॲसिटिलीन वायू असे अनेक उपाय लोकांनी करून पाहिले होते. विजेची मोटर लावावी, तर ती जवळजवळ इंजिनाएवढीच मोठी लागेल, असे जाणकारांचे मत होते. केटरिंग यांना तेव्हा तो दुकानाचा गल्ला आठवला. इंजिन सुरू करायला जोर लागतो तो काही सेकंदच! लहान मोटरीवर तेवढ्यापुरता भार टाकायचा आणि इंजिन सुरू होताच तिला सोडवून घ्यायचे. पुढे एक पाऊल टाकून त्यांनी ठरवले, की इंजिन चालू झाले की त्याच यंत्राने उलट वीज निर्माण करून बॅटरी भरावी, आणि त्याच बॅटरीवर दिवेही लागावेत.

फेब्रुवारी १९११ मध्ये असा संच बसवलेली कॅडिलॅक लेलँड यांच्यासमोर उभी राहिली. १९१२ सालच्या कॅडिलॅकमध्ये सेल्फ, विजेचे दिवे आणि ठिणगी या तिन्हींची एकत्र सोय होती. आजच्या गाडीतील विजेच्या संसाराची घडी तेव्हा बसली. सात-आठ वर्षांत सेल्फ जवळजवळ सर्वत्र झाला. फोर्डच्या स्वस्त ‘मॉडेल टी’लाही तो १९१९ पासून मिळू लागला. ज्या स्त्रिया आणि वयस्क माणसे हँडलच्या भीतीने मोटारीपासून दूर होती, त्यांना गाडी स्वतः चालवता येऊ लागली. एका छोट्या मोटरीने केलेली ही सामाजिक क्रांतीच म्हणावी लागेल.

त्यांच्या वाटेने दोष शोधावा

केटरिंग यांची रचना ज्याने समजून घेतली, त्याला वाळवंटात बंद पडलेली गाडी निम्मी तरी कळते. आमच्या वाचकांपैकी काहींजवळ अजून जुन्या पॉइंटवाल्या जीप आणि लँड क्रूझर आहेत. त्यांच्यासाठी येथे थोडे थांबतो. मुख्य गोष्ट एकच: अंदाजाने सुटे भाग बदलत बसू नये; टेलिफोनच्या तारेसारखे प्रवाहाच्या वाटेने चालत जावे.

प्रथम सेल्फ पाहावा. हेडलाइट लावून किल्ली फिरवावी. दिवे एकदम मंद झाले, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या टोकांची जोडणी सैल अथवा गंजलेली आहे. खडबडीत वाटेवर इंजिन आणि सांगाडा यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी पुष्कळदा सैल होते. सेल्फ मारल्यावर एखादा सांधा हाताला गरम लागला, तर चोर तेथे आहे. दिवे तसेच प्रखर राहिले आणि सेल्फ मुका राहिला, तर सेल्फचा स्विच, सोलेनॉइड आणि त्यांच्या तारा तपासाव्यात. बॅटरी वारंवार उतरत असेल, तर नवी आणण्याआधी पट्टा ढिला आहे का आणि डायनामो किंवा अल्टरनेटर तिला भरतो का, ते पाहावे.

सेल्फ झपाझप फिरतो पण इंजिन पकडत नाही, असे असेल तर ठिणगी पाहावी. आसपास पेट्रोलचा वास येत असेल, तर मात्र हा प्रयोग मुळीच करू नये. एक प्लग काढून, त्याला त्याची तार जोडून, त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकवून ठेवावा, तार इन्शुलेशनच्या पकडीने धरावी आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगावे. निळसर, जोरकस ठिणगी पडली, तर बहुधा पेट्रोलच्या बाजूला वळावे. ठिणगी नसेल, तर कॉइलमधून निघणाऱ्या मधल्या तारेवर ती येते का, ते तसेच पाहावे. तेथे असेल आणि प्लगवर नसेल, तर दोष डिस्ट्रिब्यूटरची टोपी, रोटर किंवा प्लगच्या तारांत आहे. पाण्यातून गाडी काढल्यावर टोपीच्या आत ओल धरते. कोरड्या फडक्याने पुसली की काम भागते. टोपीला बारीक तडा असेल, तर मात्र ती बदलावीच लागते.

मधल्या तारेवरही ठिणगी नसेल, तर एका तारेचा छोटा दिवा हाती घ्यावा. किल्ली चालू ठेवून कॉइलच्या बॅटरीकडील टोकाला तो लावावा. लागला नाही, तर दोष किल्लीचा स्विच, फ्यूज किंवा तारेत. लागला, तर कॉइलच्या डिस्ट्रिब्यूटरकडील टोकाला लावून सेल्फ मारावा. पॉइंट उघडझाप करीत असतील, तर दिवा लुकलुकेल. लुकलुकला नाही, तर पॉइंट घाण झालेले, जळलेले किंवा त्यांची फट मिटलेली असणार. वाळूची बारीक पूड येथे हमखास शिरते. दिवा लुकलुकतो आणि तरी ठिणगी नाही, तर कॉइल किंवा कंडेन्सर. एवढ्याने दहांतील बहुतेक कोडी सुटतात.

आणखी तीन खुणा ध्यानात ठेवाव्यात. गाडी तापल्यावर बंद पडते आणि थंड झाल्यावर आपोआप चालू होते, तर कॉइलवर संशय घ्यावा. सेल्फ मारेपर्यंत इंजिन पेटते आणि किल्ली सोडताच मरते, तर कॉइलच्या वाटेतला रेझिस्टन्स तुटला असण्याचा संभव मोठा. नवे पॉइंट थोड्याच दिवसांत जळून खड्डे पडत असतील, तर पॉइंट बदलत न बसता कंडेन्सर बदलावा. नव्या, संगणकावर चालणाऱ्या गाड्यांत पॉइंटची जागा ट्रान्झिस्टरने घेतली आहे. तेथे तारा काढून ठिणगी पाहण्याचा खेळ महागात पडतो, म्हणून कंपनीच्या पुस्तकाप्रमाणेच चालावे. प्रवाहाच्या वाटेने जाण्याचे तत्त्व मात्र तेच.

खोटा आरोप आणि खरा चोर

आता केटरिंग यांच्या चरित्रातील सर्वांत महत्त्वाच्या प्रकरणाकडे वळतो. सेल्फ आणि नवी ठिणगी आल्यावर एक तक्रार ऐकू येऊ लागली. चढावर किंवा जोर लावताना इंजिनातून हातोडीने ठोकल्यासारखा आवाज येई. प्रतिस्पर्धी म्हणू लागले, की हा सारा बॅटरीच्या ठिणगीचा दोष आहे. आरोप केटरिंग यांच्यावर होता. घरगुती दिव्यांसाठी डेल्को बनवीत असलेल्या केरोसीनवरच्या इंजिनांतही हा ठोका येई.

दुसऱ्या कोणी तावातावाने खंडन केले असते. केटरिंग यांनी १९१६ मध्ये थॉमस मिजली या तरुण अभियंत्यावर हे काम सोपवले. सिलिंडरमधील दाब मोजण्याचे उपकरण बनवले गेले, आत डोकावण्यासाठी खिडकी बसवली गेली. निष्कर्ष असा निघाला, की मिश्रण वेळेआधी पेटते म्हणून ठोका येत नाही. ठिणगी आपल्या वेळी पडते, ज्योत पसरू लागते, आणि मग उरलेले मिश्रण एकाएकी भडकते. दोष ठिणगीचा नव्हता, इंधनाचा होता. ठिणगीवरचा आरोप खोटा ठरला आणि खरा चोर सापडला. दोष शोधण्याचा हा आदर्श नमुना आहे.

उपाय शोधण्यास आणखी पाच वर्षे लागली. आयोडीन, ॲनिलिन आणि असह्य दुर्गंध येणारी अनेक रसायने तपासून झाली. ९ डिसेंबर १९२१ रोजी शिशाचे एक संयुग, टेट्राएथिल लेड, पेट्रोलात घालून पाहिले. हजाराहून अधिक भागांत एक भाग एवढे अल्प प्रमाण, पण ठोका बंद! फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटन येथे शिसेयुक्त पेट्रोलची विक्री सुरू झाली. पुढच्या वर्षी ते विकण्यासाठी स्वतंत्र कंपनी निघाली आणि केटरिंग तिचे अध्यक्ष झाले.

शिसे विषारी आहे, हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते असे नाही. मिजली यांना स्वतःलाच शिशाची बाधा होऊन १९२३ च्या आरंभी विश्रांती घ्यावी लागली होती. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथे हे रसायन बनवताना पाच कामगार दगावले. ते भ्रमिष्ट होऊन मेले. विक्री काही काळ थांबली. मे १९२५ मध्ये सरकारने परिषद बोलावली. डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांच्यासारख्या औद्योगिक रोगांच्या तज्ज्ञांनी कडाडून विरोध केला. केटरिंग आणि त्यांचे सहकारी कंपनीच्या बाजूने उभे राहिले. पेट्रोलात मद्यार्क मिसळल्यानेही ठोका कमी होतो, हे त्यांच्याच प्रयोगशाळेत दिसून आले होते. पण मद्यार्क बराच मिसळावा लागे, आणि त्यावर शिशासारखी मक्तेदारी मिळण्यासारखी नव्हती. १९२६ मध्ये विक्री पुन्हा सुरू झाली आणि जगभर पसरली.

त्यानंतर सुमारे पन्नास वर्षे मोटारींच्या धुरातून शिसे हवेत, मातीत आणि मुलांच्या रक्तात जात राहिले. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा कसा दुष्परिणाम होतो, हे पुढे सिद्ध झाले. १९७० नंतर एकेक देश शिसे कमी करू लागला. भारतात २००० साली शिसेरहित पेट्रोल सर्वत्र झाले, संयुक्त अरब अमिरातीत २००३ मध्ये. मोटारींसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तेथे ते २०२१ मध्ये थांबले. पहिल्या विक्रीपासून अठ्ठ्याण्णव वर्षे झाली होती.

यश, अपयश आणि अखेर

डेल्को कंपनी १९१६ मध्ये विकली गेली आणि पुढे जनरल मोटर्समध्ये विलीन झाली. १९२० पासून १९४७ पर्यंत केटरिंग जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचे प्रमुख होते. या काळात त्यांना अपयशही आले. पाण्याऐवजी तांब्याच्या पंखांनी थंड होणारे इंजिन हे त्यांचे आवडते स्वप्न. १९२३ मध्ये त्या इंजिनाच्या ७५९ शेव्हरोले गाड्या तयार झाल्या. त्यांपैकी सुमारे शंभर गिऱ्हाइकांकडे गेल्या. उन्हात त्या तापू लागल्या, जोर गमावू लागल्या आणि सर्व गाड्या परत बोलवाव्या लागल्या. केटरिंग इतके खचले, की नोकरी सोडायला निघाले होते. वरिष्ठ आल्फ्रेड स्लोन यांनी त्यांना थांबवून घेतले.

ठिणगीच्या या माणसाने पुढे ठिणगीच नसलेल्या इंजिनाकडे लक्ष वळवले. त्यांच्या देखरेखीखाली हलके, दोन-स्ट्रोकचे डिझेल इंजिन तयार झाले. मे १९३४ मध्ये अशा इंजिनाची ‘झेफर’ गाडी डेन्व्हरहून शिकागोला १,०१५ मैल न थांबता तेरा तासांत पोचली, आणि अमेरिकेतील वाफेच्या इंजिनांचा अस्त जवळ आला. या कामात त्यांचा मुलगा युजीन याचाही वाटा होता. शीतकपाटांसाठी मिजली यांनी शोधलेला फ्रीऑन वायूही याच संशोधन विभागाचे अपत्य. माणसाला तो निरुपद्रवी, पण वातावरणाच्या ओझोन थराला घातक ठरला आणि १९८७ च्या माँट्रियल कराराने त्याच्यावर निर्बंध आले.

झाडाचे पान सूर्यप्रकाश कसा साठवते, या प्रश्नाने केटरिंग यांना अखेरपर्यंत वेड लावले. त्यासाठी त्यांनी स्वतःच्या पैशांतून संशोधन चालवले. १९४५ मध्ये स्लोन यांच्याबरोबर त्यांनी न्यूयॉर्कला कर्करोगावरील स्लोन-केटरिंग संस्था उभी केली. त्यांच्या नावावर १८६ पेटंटे होती. २५ नोव्हेंबर १९५८ रोजी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, डेटन येथे त्यांचे निधन झाले.

या माणसाचे मोजमाप कसे करावे? सेल्फने किती मनगटे वाचवली, किती जणींना स्वतःची गाडी स्वतः चालवू दिली, याची गणती नाही; शिशाने किती मुलांचे नुकसान केले, याचीही नाही. एकाने दुसरे पुसले जात नाही. आम्हांला त्यांच्या चरित्रातून दिसते ते असे, की ठोक्याचा उगम शोधताना त्यांनी सिलिंडरला खिडकी पाडून आत पाहिले. पण धूर नळकांड्यातून बाहेर पडल्यावर कोठे जातो, हे त्यांनी तितक्या कसोशीने पाहिले नाही. प्रवाहाच्या वाटेने शेवटपर्यंत चालायचे, हा त्यांचाच धडा होता. तो त्यांनी इंजिनाच्या बाहेरही गिरवला असता, तर एका पिढीचे नव्हे, अनेक पिढ्यांचे भले झाले असते. यंत्राशी काम करणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्यांचे पहिले अर्धे चरित्र गिरवावे आणि दुसऱ्या अर्ध्यातून सावध व्हावे.